घरी स्लाइड फिल्म डेव्हलप करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रोल धुवायला टाकलाय’ असं आपण अजूनही म्हणतो, पण स्लाइडचा रोल धुवून देणारं दुकान शोधायला निघालं की पंचाईत होते. त्यामुळे ई-६, म्हणजे स्लाइड फिल्म डेव्हलप करायची प्रक्रिया, घरीच करणाऱ्यांचे प्रश्न वाढले आहेत. त्यांतले सतत येणारे इथे एकत्र केले आहेत. एक गोंधळ आधीच मिटवू: या पानावर ‘डेव्हलप करणं’ म्हणजे सगळी प्रक्रिया आणि ‘धुणं’ म्हणजे फक्त पाण्याने धुणं.

१. साधा कलर रोल आणि स्लाइडचा रोल, दोन्ही कलरच. मग डेव्हलपिंगमध्ये एवढा फरक का?

साध्या रोलमध्ये प्रकाश लागलेल्या जागी थेट रंग तयार होतो आणि हाती निगेटिव्ह येते. स्लाइडमध्ये हेच काम दोन फेऱ्यांत होतं. पहिला डेव्हलपर प्रत्यक्षात ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपर असतो. फिल्ममधल्या चांदीच्या क्षाराच्या ज्या कणांना प्रकाश लागला त्यांची तो चांदी करतो, रंग अजिबात तयार करत नाही. जे कण उरतात ते रिव्हर्सल बाथमध्ये (बाथ म्हणजे रसायनाचं द्रावण) डेव्हलप होण्याजोगे केले जातात आणि कलर डेव्हलपर त्यांच्या जागी रंग भरतो. शेवटी ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात आणि फिल्मवर फक्त रंग राहतो.

म्हणजे पहिल्या डेव्हलपरने किती कण ‘खाल्ले’ यावर किती रंग उरणार हे ठरतं. चित्र पहिल्या सहा मिनिटांत ठरतं. नंतरच्या बहुतेक पायऱ्या काम पुरं होईपर्यंत चालतात. तिथे मिनिटभर जास्त गेलं तर काही बिघडत नाही. पहिल्या डेव्हलपरमध्ये मात्र अर्ध्या मिनिटाचा किंवा एका अंशाचा फरक स्लाइडवर दिसतो. खालची बरीच उत्तरं या एकाच गोष्टीकडे परत येतात.

२. आज कोणती स्लाइड फिल्म नवी तयार होते?

मोजकीच. कोडॅकने एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद केली होती. जानेवारी २०१७ मध्ये ती परत आणत असल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ई१०० ही नवी फिल्म ३५ मिमीत बाजारात आली. १२० (मोठ्या फ्रेमचा रोल) आणि शीट फिल्म २०१९ च्या शेवटी आल्या. फुजीफिल्मकडे वेल्व्हिया ५०, वेल्व्हिया १०० आणि प्रोव्हिया १००एफ आहेत. वेल्व्हिया १०० मधल्या एका रसायनावर अमेरिकेत निर्बंध आल्यामुळे २०२१ पासून ती तिथे विकली जात नाही. सिनेमासाठीची एक्टाक्रोम १००डीसुद्धा ई-६ मध्येच डेव्हलप होते. तिचे तुकडे साध्या कॅसेटमध्ये भरून वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. तसा रोल मिळाला तर बिनधास्त ई-६ करा.

३. ई-६ च्या पूर्ण पायऱ्या आणि वेळा सांगा.

ही प्रक्रिया कोडॅकने १९७६ मध्ये आणली. सहा रसायनं आणि शेवटचं रिन्स असा तिचा क्रम असा:

पहिला डेव्हलपर ६ मिनिटं, ३८ अंश सेल्सिअस, फार तर ०.३ अंश इकडेतिकडे.
पाण्याने धुणं २ मिनिटं.
रिव्हर्सल बाथ २ मिनिटं. यानंतर धुवायचं नाही.
कलर डेव्हलपर ६ मिनिटं, ३८ अंश, ०.६ अंशापर्यंत सूट. यानंतरही धुवायचं नाही.
प्री-ब्लीच २ मिनिटं. पुन्हा धुवायचं नाही.
ब्लीच ६ मिनिटं.
फिक्सर ४ मिनिटं.
शेवटचं धुणं ४ मिनिटं.
फायनल रिन्स १ मिनिट, मग वाळवणं.

ब्लीच आणि फिक्सर ३३ ते ३९ अंशांमध्ये कुठेही चालतात. ‘धुवायचं नाही’ असं जिथे लिहिलंय तिथे आधीचं रसायन जिलेटिनमध्ये मुरलेलं राहणं गरजेचं असतं. रिव्हर्सल बाथमधलं कथिलाचं संयुग कलर डेव्हलपरमध्ये गेल्यावरच काम करतं. मध्ये पाणी घातलंत तर ते वाहून जातं आणि स्लाइडमधला काळा रंग काळा राहत नाही.

४. तीन बाथचं किट घ्यावं की सहा बाथचं?

तीन बाथच्या किटमध्ये रिव्हर्सल बाथ कलर डेव्हलपरमध्येच मिसळलेला असतो, ब्लीच आणि फिक्सर एकत्र करून ‘ब्लिक्स’ केलेला असतो आणि प्री-ब्लीच नसतो. बाटल्या कमी, वेळ कमी, चुकीच्या क्रमाने ओतण्याचा धोकाही कमी. सुरुवातीला हेच बरं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. ब्लीच आणि फिक्सर एका बाटलीत सुखाने नांदत नाहीत. ब्लीच हे ऑक्सिडीकारक आहे आणि ते फिक्सरमधल्या थायोसल्फेटला हळूहळू खातं, त्यामुळे मिसळलेला ब्लिक्स लवकर मरतो. ब्लिक्स दमला की फिल्ममध्ये चांदी राहते आणि रंग मळकट दिसतात. दुसरं, प्री-ब्लीच नसल्यामुळे रंग टिकवण्याची सगळी जबाबदारी शेवटच्या स्टॅबिलायझरवर येते (प्रश्न १३). महिन्याला दोन-तीन रोल होत असतील आणि स्लाइड वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील तर सहा बाथचं किट वसूल होतं. इटलीच्या बेलिनीचं सहा बाथचं छोटं किट घरी काम करणाऱ्यांमध्ये बरंच चालतं.

५. गेल्या काही वर्षांत यात नवं काय आलं?

फिल्म परत आली, हे वर सांगितलंच. रसायनांचा प्रवास मात्र खडतर होता. कोडॅकच्या नावाने निघणारी फोटो-रसायनं २०२० मध्ये सिनो प्रॉमिस या चिनी कंपनीकडे गेली. २०२३ मध्ये तिने हात काढून घेतला आणि त्याच वर्षी मिशिगनमधल्या फोटो सिस्टिम्स या कंपनीला परवाना मिळाला. घरी काम करणाऱ्याला यातून एवढंच घ्यायचंय की एकाच कंपनीच्या किटवर सगळं गणित बसवू नये. स्वतःच्या वेळांची वही अशी ठेवा की किट बदललं तरी पहिला डेव्हलपर पुन्हा जुळवता येईल.

खरी गंमत सिनेस्टिल या कंपनीच्या किटमध्ये आहे. त्यांनी कलर डेव्हलपर आणि ब्लिक्स तेच ठेवून पहिला डेव्हलपर तीन प्रकारचा दिला. डी६ नेहमीचा, डी९ कॉन्ट्रास्ट कमी करून जास्त टोन सामावणारा आणि थोडी उबदार झाक देणारा, टी६ पिवळ्या बल्बच्या उजेडात डेलाइट फिल्मवर काढलेल्या फोटोंसाठी. पहिला डेव्हलपर बदलला की चित्र बदलतं, हे प्रश्न १ मधलं तत्त्वच इथे विकायला ठेवलंय. डी९ भर दुपारच्या उन्हात उपयोगी पडतो. टी६ ने ट्यूबलाइटचा हिरवेपणा जाईल अशी आशा ठेवू नका. तो टंगस्टनच्या, म्हणजे पिवळ्या बल्बसाठी आहे.

यंत्रांमध्ये छोटे स्वयंचलित फिरवणारे प्रोसेसर आले आहेत. त्यांतल्या आगो या यंत्राचा उल्लेख करायला हवा. ते टाकीतल्या द्रावणाचं तापमान मोजत राहतं आणि ते जसं घसरतं तसा वेळ आपोआप वाढवतं. त्यामुळे ३८ अंशांचा हट्ट थोडा सैल होतो. पण हे पैसे खर्च करण्याआधी प्रश्न ७ वाचा.

६. सामान काय लागेल?

प्रकाशबंद टाकी आणि रील, चेंजिंग बॅग, एक लिटरच्या बाटल्या (तपकिरी किंवा घट्ट झाकणाच्या), ५०० मिलीचं मोजपात्र, फनेल, नायट्राइल हातमोजे, टायमर, थर्मामीटर, पाणी गरम राखायचं साधन आणि खोल टब. ३५ मिमीच्या एका रोलला साधारण २५० ते ३०० मिली द्रावण लागतं, १२० ला सुमारे ५००. आकडा टाकीच्या तळाशी कोरलेला असतो.

हातमोजे हौस म्हणून सांगितलेले नाहीत. कलर डेव्हलपरमधला सीडी-३ हा घटक काहींच्या कातडीला एकदा लागला की कायमची ॲलर्जी देऊन जातो. फनेल दोन ठेवा, एक डेव्हलपरचा आणि एक ब्लिक्सचा, आणि त्यांवर मार्करने लिहा. कारण प्रश्न १२ मध्ये येईल.

७. ३८ अंश नेमके राखायचे कसे? माझं थर्मामीटर खरं सांगतंय का, ते कसं कळणार?

बाजारातलं साधं काचेचं किंवा स्वयंपाकाचं थर्मामीटर सहज अर्धा ते एक अंश चुकतं. ई-६ मध्ये तेवढी चूक म्हणजे पाव स्टॉपच्या आसपासचा गोंधळ होऊ शकतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). उपाय बहुतेकांच्या घरातच आहे: ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर. ते ३२ ते ४२ अंशांमध्येच काम करतं आणि तिथे साधारण ०.१ अंशापर्यंत खरं असतं, म्हणजे आपल्याला हवं तिथेच. एका भांड्यात ३८ अंशांच्या आसपास पाणी घ्या, दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरा, पाणी ढवळत राहा आणि तापाचं थर्मामीटर वाजलं की दोन्ही आकडे लिहून घ्या. फरक ०.६ आला तर चिकटपट्टीवर लिहून तो फोटोच्या थर्मामीटरवर कायमचा चिकटवा. तापाचं थर्मामीटर पाहिलेला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतं, म्हणून प्रत्येक मोजणीआधी ते बंद करून चालू करा.

मग खोल टबमध्ये बाटल्या मानेपर्यंत बुडतील एवढं पाणी घ्या. सू-व्हिड हीटर (पाणी ठरावीक तापमानावर राखणारं स्वयंपाकाचं साधन) असेल तर उत्तमच. नसेल तर मोठ्या टबातलं १५ लिटर पाणी स्वतःच हळू थंड होतं आणि मधूनमधून गरम पाण्याचा तांब्या ओतून भागतं. वीज गेली तरी तेवढं पाणी सहा मिनिटांत जेमतेम काही दशांश उतरतं. म्हणून टब मोठा ठेवा. छोट्या पातेल्यात हीटर घातला तर दिवे जाताच खेळ संपतो.

बहुतेकांची चूक टाकी गरम न करण्यात होते. ३८ अंशांचा डेव्हलपर २५ अंशांच्या टाकीत ओतला की तो लगेच अंश-दीड अंश खाली येतो आणि पहिलं मिनिट तसंच जातं. टाकी रिळासकट पाच मिनिटं टबमध्ये बुडवून ठेवा किंवा ३८ अंशांच्या पाण्याने आधी भरून रिकामी करा. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात हे काम सोपं जातं, कारण घराच्या पाण्याच्या टाकीतलं पाणीच तिशीच्या वर असतं. पण बाटल्या गच्चीवरून आणल्या असतील तर त्या ४० च्या वर तर गेल्या नाहीत ना, तेही बघा.

८. पाणी कोणतं वापरायचं? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

धुण्यासाठी बोअरचं चालतं, फक्त गाळून घ्या. रसायनं मिसळायला आणि फायनल रिन्सला मात्र बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर एक वेळ लपतात. स्लाइडवर आकाशात स्पष्ट दिसतात.

९. टाकी किती हलवायची?

पहिल्या डेव्हलपरमध्ये सुरुवातीचे १५ सेकंद सतत, नंतर दर ३० सेकंदांनी चार-पाच वेळा उलटीपालटी. प्रत्येक फेरीनंतर टाकी टबच्या कडेवर हलकेच आपटा, बुडबुडे सुटतात. हात दरवेळी एकाच लयीत चालायला हवा. आज जोरात आणि उद्या आळसावून हलवलंत तर दोन रोल एकमेकांशी जुळणार नाहीत. फिरत्या प्रोसेसरला किटमध्ये वेगळा वेळ दिलेला असतो, तोच पाळा.

१०. आयएसओ १०० चा रोल चुकून आयएसओ २०० वर काढला. पुश करता येईल का, म्हणजे डेव्हलपिंगचा वेळ वाढवून भरून काढता येईल का?

येईल. बदल फक्त पहिल्या डेव्हलपरच्या वेळेत होतो, बाकी सगळं तसंच. कोडॅकच्या वेळांनुसार एक स्टॉप कमी एक्स्पोज झाला असेल तर ८ मिनिटं, दोन स्टॉप असेल तर साडेअकरा, एक स्टॉप जास्त झाला असेल तर ४. पुश केल्यावर कॉन्ट्रास्ट वाढतो आणि काळा रंग थोडा पातळ होतो. एक स्टॉप बिनदिक्कत करा. दोन स्टॉपला रंगांची खात्री सोडा.

एक्स्पोजरची खात्री नसेल तर चाचणी तुकडा करा. चेंजिंग बॅगेत रोलच्या टोकाकडची चार-पाच फ्रेम जातील एवढा तुकडा कापा, तो आधी डेव्हलप करा आणि बघून उरलेल्याचा वेळ ठरवा. कात्री एका फ्रेमच्या मधून जाईल. ती फ्रेम गेली असं धरून चाला.

११. एका किटमध्ये किती रोल होतात? उघडल्यावर किती टिकतं?

एक लिटरच्या किटवर बहुधा ८ ते १२ रोल लिहिलेले असतात. ८ धरून चला. पहिला डेव्हलपर सगळ्यात आधी दमतो आणि दर वापरानंतर त्याचा वेळ किती वाढवायचा हे किटच्या पत्रकात असतं. ते वाचल्याशिवाय दुसरा रोल टाकू नका. महत्त्वाच्या कामाचे रोल आधी, खेळाचे नंतर.

डेव्हलपरचा खरा शत्रू हवा. बाटली अर्धी रिकामी झाली की त्यात काचेच्या गोट्या टाका, द्रावण थेट बुचापर्यंत येऊ द्या. मुलांच्या खेळातल्या गोट्या चालतात, आधी स्वच्छ धुवा. ब्लीचचं नेमकं उलटं: त्याला हवा हवीहवीशी असते. दोन रोलांमध्ये ब्लीच एका बाटलीतून दुसरीत चार वेळा ओतलंत तर ते परत ताजं होतं. ब्लिक्सला हा उपाय अर्धवटच लागू पडतो, कारण आत फिक्सर बसलेला असतो.

१२. स्लाइड बिघडली. चूक माझी, कॅमेऱ्याची की रसायनाची?

आधी फ्रेम बाजूला ठेवा आणि फिल्मच्या कडा बघा. कडेवरचे फ्रेम क्रमांक आणि फिल्मचं नाव कारखान्यातच प्रकाशाने छापलेलं असतं, त्यांच्याशी कॅमेऱ्याचा संबंध नाही. दोन फ्रेममधली जागा प्रकाश न लागलेली असते, ती गच्च काळी दिसायला हवी. रोल कॅमेऱ्यात भरताना उजेडात आलेलं टोक स्वच्छ पारदर्शक असायला हवं.

फ्रेम काळपट, पण कडेचे आकडे लख्ख: फोटो कमी एक्स्पोज झाला. मीटर तपासा.
फ्रेम काळपट आणि आकडेही मंद: पहिला डेव्हलपर थंड, कमी वेळ किंवा दमलेला.
फ्रेम फिकट आणि फ्रेममधली जागाही तपकिरी किंवा राखाडी: पहिला डेव्हलपर जास्त झाला किंवा त्यात फिक्सर गेला.
फ्रेम फिकट, पण मधली जागा गच्च काळी: फोटो जास्त एक्स्पोज झाला.
सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ: ब्लिक्स किंवा फिक्सर सगळ्यात आधी ओतला गेला. परत काही आणता येत नाही.
तीन बाथच्या किटमध्ये सगळी फिल्म काळी: कलर डेव्हलपर आधी गेला. त्यातल्या रिव्हर्सल रसायनाने एकही कण सोडला नाही.

फिक्सरचे थेंब बहुधा टाकीच्या झाकणातून किंवा फनेलमधून येतात. फिक्सर न डेव्हलप झालेले कण विरघळवतो, म्हणजे नेमके ज्यांच्यातून पुढे रंग येणार तेच. दोन फनेल सांगितले ते यासाठी. झाकण प्रत्येक रोलनंतर पूर्ण सुटं करून धुवा. आतल्या खाचेत ब्लिक्स अडकून राहतो.

रंग मळकट असतील आणि उजळ भागांत पिवळट किंवा करडी छटा असेल तर चांदी राहिली आहे. ही चूक दुरुस्त होते: फिल्म पुन्हा ताज्या ब्लीच-फिक्सरमध्ये किंवा ब्लिक्समध्ये घाला, धुवा, स्टॅबिलायझर द्या. महिन्याभरानेही जमतं.

१३. स्टॅबिलायझर संपला होता, म्हणून नुसत्या पाण्याने धुऊन वाळवली. चालेल?

आज चालेल. पण डेव्हलपिंगनंतर फिल्ममध्ये थोडा मॅजेंटा कप्लर (ज्यापासून रंग बनतो तो घटक) शिल्लक राहतो आणि वर्षानुवर्षं तो शेजारच्या रंगाला पोखरतो. फॉर्मल्डिहाइड त्याला निकामी करतो. सहा बाथच्या प्रक्रियेत हे काम प्री-ब्लीच करतो, म्हणून तिथलं फायनल रिन्स म्हणजे जवळपास नुसतं साबणी पाणी असतं. तीन बाथमध्ये प्री-ब्लीच नाही, म्हणजे स्टॅबिलायझर वगळला की ते कामच झालं नाही. नवा आणल्यावर त्याच स्लाइड मिनिटभर बुडवून पुन्हा वाळवा. फॉर्मल्डिहाइडवाला स्टॅबिलायझर बंद खोलीत वापरू नका, डोळे चुरचुरतात ते उगाच नाही.

१४. टाकीतून काढल्यावर फिल्म दुधाळ दिसते. बिघडली का?

नाही. ओली स्लाइड फिल्म दुधाळ, निळसर आणि बरीच गडद दिसते. पूर्ण वाळल्यावरच रंगांचा निकाल लावा. वाळल्यावरही दुधाळ राहिली तर पुन्हा फिक्स करा.

१५. रिव्हर्सल बाथ नाही. बल्ब दाखवून चालेल?

चालतं, रिव्हर्सल बाथ यायच्या आधी हेच करत असत. पहिल्या डेव्हलपरनंतर नीट धुवा, मग ओली फिल्म रिळासकट किंवा रिळाबाहेर काढून दोन्ही बाजूंनी तेजस्वी एलईडीसमोर दोन-दोन मिनिटं फिरवा. जास्त प्रकाशाने नुकसान नाही, कमी पडला तर आतल्या वेढ्यांवर पट्टे येतात. पिवळ्या गरम बल्बच्या जवळ ओली फिल्म नेऊ नका, पाण्याचा थेंब उडाला तर काच फुटते. रिव्हर्सल मिसळलेल्या तीन बाथच्या किटला याची गरज नाही.

१६. ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपर आणि आरए-४ (रंगीत प्रिंटच्या) कागदाचा डेव्हलपर घरात आहे. त्यांतून ई-६ होईल?

होईल, पण चोख नाही. आरए-४ डेव्हलपरमध्ये सीडी-३ हाच घटक असतो, म्हणून जोडणी तत्त्वतः बरोबर आहे. अडचण पीएचची: आरए-४ दहाच्या आसपास असतो, ई-६ चा कलर डेव्हलपर बाराच्या जवळ. कॉस्टिक सोड्याने तो वाढवावा लागतो. शिवाय ई-६ मध्ये सिट्राझिनिक आम्ल असतं. ते रंग-घनता आणि कॉन्ट्रास्ट आवरतं. ते नसलं की कॉन्ट्रास्ट भडक होतो. पहिल्या डेव्हलपरचा वेळ तुकड्या-तुकड्याने शोधावा लागतो आणि रिव्हर्सल प्रश्न १५ प्रमाणे. शिळ्या फिल्मवर खेळायला छान; बारशाचे फोटो यात टाकू नका. सी-४१ चा (साध्या कलर निगेटिव्हच्या प्रक्रियेचा) डेव्हलपर याजागी वापरू नका, त्यात सीडी-४ असतो आणि त्याचे रंग वेगळे पडतात.

१७. स्लाइड फिल्म सी-४१ मध्ये टाकली तर?

निगेटिव्ह येते, केशरी मुखवट्याशिवाय (म्हणजे साध्या निगेटिव्हला असते त्या केशरी झाकेशिवाय), भडक कॉन्ट्रास्टची आणि रंग सरकलेली. यालाच क्रॉस प्रोसेस म्हणतात. सध्या एका एक्टाक्रोमची किंमत बघता हा शौक महाग आहे.

१८. जुन्या कपाटात कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) किंवा जुनी एक्टाक्रोम सापडली. ई-६ करू?

नका करू. कोडाक्रोममध्ये रंगाचे कप्लर फिल्ममध्ये नसतातच, ते डेव्हलपरमधून यायचे. जगातली शेवटची कोडाक्रोम लाइन कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती; ३० डिसेंबर २०१० नंतर तिने रोल घेणं थांबवलं. आता त्यातून फक्त ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह निघते.

डब्यावर ई-३ किंवा ई-४ (ई-६ च्या आधीच्या प्रक्रिया) लिहिलं असेल तर धोका वेगळा. त्या फिल्मचं जिलेटिन ३८ अंशांसाठी कडक केलेलं नसतं आणि गरम पाण्यात सुटून टाकीच्या तळाशी जमा होतं. त्याही २० अंशांच्या आसपास ब्लॅक अँड व्हाइट म्हणून करा.

१९. सिनेमाची व्हिजन३ फिल्म ई-६ मध्ये टाकू शकतो का?

ती निगेटिव्ह फिल्म आहे आणि तिला मुखवटा आहे. ई-६ केल्यास मंद, पिवळट-केशरी पॉझिटिव्ह मिळतं. शिवाय जुन्या साठ्यातल्या व्हिजन३ च्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असतो. तो डेव्हलपरमध्ये सुटून सगळं किट काळं करतो. २०२५ मध्ये कोडॅकने रेमजेट नसलेली व्हिजन३ आणली, तिच्यात हा दुसरा त्रास नाही, पहिला आहेच.

२०. विमानतळावर स्कॅनरमधून गेलेली फिल्म?

हातातल्या सामानासाठी आलेले नवे सीटी स्कॅनर जुन्या एक्स-रे यंत्रांपेक्षा फिल्मला बरेच घातक आहेत. हाताने तपासायची विनंती करा. सुटकेसमध्ये फिल्म कधीच ठेवू नका.

२१. पावसाळ्यात फिल्म वाळतच नाही, स्लाइडवर बुरशी येते. काय करू?

पंख्याखाली वाळवू नका, धूळ चिकटते. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून वाफ करा, ती खाली बसताना धूळ घेऊन बसते. मग फिल्म वजन लावून टांगा आणि दार बंद. कोकणात जुलैत रात्रभर लागू शकते.

बुरशीला जिलेटिन आवडतं. स्लाइड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवा. फ्रिजमधला न वापरलेला रोल डबी न उघडता दोन तास बाहेर ठेवल्यावरच उघडा, नाहीतर दव थेट फिल्मवर धरतं.

२२. वापरलेली रसायनं मोरीत ओतू का?

डेव्हलपर आणि ब्लिक्स एकाच बादलीत ओतू नका. डेव्हलपरच्या अल्कलीमुळे ब्लिक्समधला अमोनिया सुटतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो. फिक्सर आणि ब्लिक्समध्ये विरघळलेली चांदी असते, ती सेप्टिक टँकमध्ये किंवा विहिरीजवळ सोडायची नाही. ते कॅनमध्ये साठवा. एक्स-रे सेंटरचा वापरलेला हायपो (फिक्सर) चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात. जवळच्या सेंटरवर विचारा, फिक्सर तेही नेतात. ब्लिक्समध्ये लोह असल्याने तो बहुतेक नको म्हणतील, तो वेगळ्या कॅनमध्ये ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्या.